सुमनची बॅग

भाऊजी, काल तुमची शोकसभा झाली. शाळेचा हॉल गच्च भरला होता. स्टेजवर तुमचा तो शाल पांघरलेला फोटो, गुलाबाचा हार, उदबत्ती. सगळ्यांना एक मिनिट शांत उभं राहायला सांगितलं. मीही उभी राहिले. त्या एका मिनिटात मी मनातल्या मनात तुम्हाला जेवढं बोलले, तेवढं गेल्या पाच वर्षांत बोलले नसेन.

मग भाषणं सुरू झाली. पनवेलसारख्या गावात एड्सवर नाटक करायची छाती शरद सरांचीच, असं एक जण म्हणाले. ते मला मान्य आहे. नाटक करायची छाती तुम्हाला होतीच. मग ठाण्याहून आलेले कुणी पाहुणे उठले. "ज्याला सख्खी बायको टाकून गेली, त्या मित्राच्या उशाशी शरद शेवटपर्यंत बसला, आणि त्या अनुभवातून 'साथीचा रोग' हे नाटक उभं राहिलं," असं ते म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. मी तिसऱ्या रांगेत होते. दोघी-तिघींनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच समोर बघायला लागल्या. टाकून गेलेली बायको ती मी.

मला रडू आलं नाही. तुमच्या बायकोला, शैलावहिनींना वाटलं, धक्का बसलाय. धक्का कसला डोंबलाचा! अहो, माझा नवरा मोहन दवाखान्याच्या वॉर्डात होता तेव्हा काय झालं ते तिघांनाच ठाऊक. मोहनला, मला आणि तुम्हाला. मोहन गेला. माझ्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. म्हणजे खरं सांगू शकेल असा माणूस एकच उरला होता, आणि तो पंधरा दिवसांपूर्वी शाळेच्या जिन्यात छातीत कळ येऊन मोकळा झाला. एक वाक्य बोलून जायचं होतं हो. "इंदूवहिनी कुठं गेल्या नव्हत्या, पळालो तो मी." एवढंच. तेवढ्यासाठी मी तुमच्या मागे तीन वर्षं लागले होते.

पण खोटं बोलणार नाही. चांगलं काय ते आधी सांगते, म्हणजे नंतर अडायला नको.

लग्न होऊन मी नेऱ्याहून पनवेलला आले तेव्हा मला नाटकातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. मोहन ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कारकून, आणि सहा वाजले की तो तुमचा. तुमची तालीम याच शाळेत, वरच्या वर्गात. मी त्याचा डबा घेऊन यायची आणि मागच्या बाकावर बसून राहायची. एक दिवस तुमचा प्रॉम्प्टर आला नाही. तुम्ही वही माझ्या हातात दिलीत. "वहिनी, वाचता येतं ना? मग विंगेत बसा." मी म्हटलं, मला नाय जमायचं. तुम्ही हसला नाहीत माझ्या 'नाय'ला. बाकीचे हसले होते.

तुम्ही मला ते काम शिकवलंत, आणि झकास शिकवलंत. नट थांबला म्हणजे अडला असं नाही. कधी तो मुद्दाम थांबतो. जिथं थांबायचं तिथं पेन्सिलीनं टिंब, जिथं नेहमी अडतो तिथं गोल. अडला की पहिले दोनच शब्द द्यायचे, तेही आवाजानं नाही, श्वासानं. "आणि वहिनी, एक लक्षात ठेवा. अडलेला नट विचार करत नाही. तुम्ही द्याल ते तो घेणार. चुकीचं दिलंत तर चुकीचं बोलणार." हे तुमचे शब्द आहेत. मोहनच्या श्वासावरून मला कळायचं, हा थांबलाय की अडलाय. घरात तेवढं कळलं असतं तर बरं झालं असतं.

सहा वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी मोहनला ताप यायला लागला. तुम्ही त्याला घेऊन मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात गेलात. मी येते म्हटलं तर "वहिनी, तिथं दिवसभर रांगेत उभं राहायचं, तुम्ही कशाला?" संध्याकाळी दोघं परत आलात. मोहन मोरीत पाय धूत होता. तुम्ही दारातच चपला न काढता म्हणालात, "कावीळ आहे. पथ्य सांभाळा." आणि मी सांभाळलं. तेल बंद, तिखट बंद, उसाचा रस, मुळ्याचा पाला, चार महिने उकडलेलं. घरात फोडणी म्हणून दिली नाही. तरी माणूस वाळतच चाललेला.

दिवाळीनंतर मी त्याला माहेरी नेलं. आमच्या नेऱ्याकडे एक म्हातारा कावीळ उतरवायची माळ द्यायचा. बारीक काड्यांची, दोऱ्यात गाठवलेली. डोक्यावर ठेवायची, आणि जसजशी कावीळ उतरेल तसतशी माळ वाढत गळ्यात येते, मग छातीवर येते. आई म्हणाली, "कावील हाय ना? मंग डाक्टरचं काय काम? माल घाल, उतरंल." तुम्हीही आला होतात, आठवतंय? रविवार होता, ओटीवर बसून माझ्या आईच्या हातची भाकरी खाल्लीत. मोहननं मुकाट माळ घालून घेतली. तिसऱ्या दिवशी ती त्याच्या छातीवर आली. मी आनंदानं आईला हाक मारली, उतरली गं उतरली! मोहन माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, त्यालाही बरं वाटतंय.

तुम्हाला ठाऊक होतं, भाऊजी. रिपोर्ट तुमच्या समोर हातात आला होता. तुम्ही ओटीवर बसून भाकरी मोडत होतात आणि तुम्हाला ठाऊक होतं.

मला कळलं ते शिमग्याला. मोहनच्या तोंडात पांढरे फोड आले, पाणी गिळवेना, तेव्हा मी त्याला एकटीनं मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्यावरच खेकसल्या. "सहा महिन्यांपूर्वी सांगितलंय ना तुम्हाला? तुमची स्वतःची तपासणी केलीत का?" मी म्हटलं, काविळीची? मग खुर्ची ओढून त्यांनी मला बसवलं आणि नीट सांगितलं.

सहा महिने. त्या सहा महिन्यांत मी त्याची बायको होते, भाऊजी. बायको म्हणजे बायको. हे लिहायला मला लाज वाटत नाही, तुम्हाला ऐकायला वाटली असती तर बरं झालं असतं. माझा रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले. ते कसे काढले ते माझं मला माहीत. नशिबानं काही निघालं नाही. तुमच्यामुळे नव्हे, नशिबानं.

मी मोहनला विचारलं, का सांगितलं नाहीस? तो म्हणाला, "शऱ्या म्हणाला, स्पर्धा होऊ दे. मग सांग. आत्ता सांगितलंस तर वहिनी तालमीला सोडणार नाहीत." स्पर्धा! तुमच्या नाटकाला हिरो हवा होता म्हणून माझा जीव टांगणीला. कुठून आला हा रोग, तेही मी विचारलं. त्यानं सांगितलं, आणि ते त्याचं नि माझं आहे, ते कुठल्याही नाटकात घालायचं नाही. फक्त एक राहिलं. "एकटा होतास का?" असं मी विचारलं. त्यानं भिंतीकडे तोंड केलं. ते उत्तर मला तुमच्याकडून हवं होतं. ते आता राहिलंच.

त्याची खाट वॉर्डाच्या टोकाला, संडासाच्या दाराशी. आया जेवणाचं ताट पायानं खाटेखाली सरकवायची. चादर बदलायला कुणी येत नसे, ते मी करायची. एकवीस दिवस मी तिथं होते. उरणची माझी नणंद, त्याची सख्खी बहीण, एकदा खाली फाटकापर्यंत आली आणि शेंगदाण्याचे लाडू वॉचमनकडे देऊन गेली. मोहन रोज एकच विचारायचा, शऱ्या आला का?

तुम्ही आलात तिसऱ्या दिवशी. वॉर्डाच्या दारात उभे राहिलात, नाकाला रुमाल. खाटेजवळ लोखंडी स्टूल होतं, ते मी पदरानं पुसून पुढे केलं. "या भाऊजी, बसा." तुम्ही स्टुलाकडे पाहिलंत, मोहनकडे पाहिलंत. मोहननं हात पुढे केला. सुकून काटकी झालेला हात. तुम्ही दारातूनच म्हणालात, "येतो मी." आणि गेलात.

आपल्याकडे निघताना कुणी जातो म्हणत नाही, येतोच म्हणतात. शेंबड्या पोरालाही त्याचा अर्थ कळतो. पण मोहनला ताप होता हो. त्यानं ते खरं धरलं. त्या दिवसापासून त्यानं मला त्या स्टुलावर बसू दिलं नाही. "तिथं नको, शऱ्या येतोय म्हणालाय." मी अठरा दिवस खाली फरशीवर बसले. स्टूल रिकामं. शेवटच्या दिवशी त्याला बोलता येत नव्हतं, तरी मी जरा टेकले तेव्हा त्यानं मान हलवली. मी उठले. तो गेला तेव्हाही ते रिकामंच होतं.

मग तुम्ही काय केलंत, तेही सांगते, कारण ते खरं आहे. चाळीत कुणी माझ्या घरचं पाणी प्यायना. घरमालक खोली रिकामी कर म्हणून दारात यायला लागला. तेव्हा तुम्ही शाळेत शब्द टाकलात आणि मला ऑफिसात चिकटवलंत. लोक कुरकुरले, तुम्ही भांडलात. स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या देखत माझ्या हातून पाण्याचा ग्लास घेऊन प्यायलात. त्या नोकरीवर मी जगले. उपकार आहेत तुमचे, आणि त्या उपकारांनी माझं तोंड शिवून टाकलं. मी त्या ग्लासाकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, हाच ग्लास वॉर्डात का नाही घेतलात?

दोन वर्षांनी तुम्ही नाटक लिहिलंत. वही माझ्या टेबलावर ठेवलीत. "वहिनी, मोहनसाठी लिहिलंय. विंगेत पुस्तक तुम्हीच धरायचं." मी दुपारच्या सुट्टीत वाचायला बसले. आजारी माणूस आहे. त्याचा मित्र आनंद आहे, देवमाणूस, चादरी बदलतो, तोंड पुसतो. मी जे जे केलं ते सगळं आनंद करतो. आणि सुमन नावाची बायको आहे, अडाणी. ती नवऱ्याच्या डोक्यावर काविळीची माळ घालते, आणि तिथं तुम्ही कंसात लिहिलं होतं, 'हशा'. मग रोगाचं नाव कळल्यावर ती बॅग भरते आणि दारात उभी राहून म्हणते, "मला जगायचंय. तुझ्या रोगानं मला का मारतोस? अजून मला काही झालेलं नाही. जाते मी."

मी वही घेऊन तुमच्या वर्गावर आले होते. पोरं गणित सोडवत होती. तुम्ही बाहेर आलात.

"भाऊजी, हे काय?"

"वहिनी, ती सुमन आहे. तुम्ही नाही."

"माळ माझी आहे. चादरी माझ्या आहेत. मग बॅग कुणाची?"

"सुमन गेली नाही तर आनंद एकटा कसा पडेल? नाटकाची रचनाच ढासळते."

"आणि माझी ढासळली ती?"

तुम्ही चष्मा काढून पुसलात. "बोलू आपण सवडीनं," म्हणालात. ती सवड तुम्हाला कधी झाली नाही. मी पुस्तक धरायला तयार झाले, ते तुमच्या शब्दाला मान म्हणून नव्हे. विंगेत बसले तर आणखी काय काय घालताय ते तरी कळेल, म्हणून.

लोकांनी नाटक पाहिलं आणि पनवेलला सगळा उलगडा झाला. नणंद उरणहून खास बघायला आली, पहिल्या रांगेत बसली आणि येताजाता सांगायला लागली, "नाटकात दाखवलंय सगळं, माझ्या भावाला टाकून गेली ती!" बाजारात भाजीवाली माझ्या हातात मेथी देताना म्हणाली, "तुम्हीच ना त्या?" मी मेथी तिथंच ठेवून आले. कुणाकुणाला सांगत फिरू? फाटकाबाहेरून लाडू देणारी सती, आणि मी पळपुटी.

पण स्पर्धेच्या प्रयोगाचं तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत, ते आता मी सांगते. तुम्ही आनंद करत होतात. शेवटचा प्रसंग. आजारी मित्र हात पुढे करतो, आनंद स्टुलावर बसतो, तो हात हातात घेतो आणि म्हणतो, "मी इथंच आहे. मी कुठं जाणार नाही." तालमीत हे तुम्ही पन्नास वेळा केलंत. त्या दिवशी नेपथ्यवाल्यानं लाकडी स्टूल मिळेना म्हणून कुठूनतरी लोखंडी आणलं होतं. तुम्ही स्टुलापर्यंत आलात आणि थांबलात. माझ्या वहीत तिथं टिंब होतं, दोन श्वासांचं. दोन झाले, तीन झाले, पाच झाले. तुम्ही माझ्याकडे डोळे वळवलेत. अडला होतात.

मी तुम्हाला दोन शब्द दिले. वहीत नव्हते ते. श्वासानं दिले, तुम्ही शिकवलं तस्से. "येतो मी."

आणि तुम्ही घेतलेत. खणखणीत आवाजात म्हणालात, "येतो मी," आणि चालत थेट माझ्या विंगेत आलात. मागे खाटेवर त्या नटाचा हात तसाच पुढे. पडदा पाडणाऱ्याला काही कळेना, त्यानं पडदा पाडला. तुमचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"वहिनी, वाक्य कुठलं होतं?"

"तुमचंच," मी म्हटलं.

परीक्षकांनी लेखनाचं बक्षीस दिलं. देवमाणूस मित्रसुद्धा शेवटी पळतो, हे दाखवायला लेखकाला केवढा प्रामाणिकपणा लागला असेल, असं म्हणाले. तुम्ही स्टेजवर जाऊन ढाल घेतलीत. आणि पुढच्या प्रत्येक प्रयोगाला ते वाक्य न अडता म्हणालात. संहितेत शाईनं लिहून टाकलंत. माझं देणं, तुमची ढाल. तेही मी गिळलं असतं. मला वाटलं, चला, स्वतःचं मान्य केलंय, आता सुमनचं काढतील. नाही काढलंत! सुमन बॅग घेऊन जातच राहिली. आधी बायको पळते, मग बिचारा मित्रही थकून जातो, असं नाटक झालं. म्हणजे तुमच्या पळण्यालाही मीच जबाबदार.

तीन वर्षं तुम्हाला जिन्यात, ऑफिसात, एसटी स्टँडवर गाठून विचारलं. "सुमनचं काय केलंत?" दर वेळी, "येतो घरी, बोलू."

आणि शेवटी तुम्ही आलात. हे मला लिहायचं नव्हतं, पण तुमच्यावर खोटेपणाचा आरोप करायचा आणि आपलं झाकायचं हे बरं नाही. तुम्ही जायच्या आधी आठ दिवस, रविवारी सकाळी बेल वाजली. मी फटीतून पाहिलं. तुम्ही होतात, हातात फाइल, जिना चढून धाप लागलेली. "वहिनी?" पुन्हा, "वहिनी, आहात का?" मी कणकेचे हात घेऊन दाराच्या आत उभी. नाही उघडलं. म्हटलं, राहू दे उभे, एकदा कळू दे दारात उभं राहणं काय असतं. तुम्ही बराच वेळ थांबलात. मग बंद दाराला म्हणालात, "येतो मग." तुमची पावलं खालपर्यंत ऐकली मी.

दिवसवारे झाल्यावर मी शैलावहिनींना विचारलं, त्या फाइलमध्ये काय होतं? "सहामाहीचे पेपर," त्या म्हणाल्या, "तपासायचे राहिलेत अजून." म्हणजे तुम्ही बोलायला आला होतात की सहज वाटेवर होतं म्हणून, ते मला कधी कळायचं नाही. दार उघडलं असतं तर कळलं असतं. हे माझं माझ्याकडे ठेवते. तुमच्या खात्यावर नाही टाकत.

शोकसभेत 'साथीचा रोग'चे शेवटचे दोन प्रसंग करायचं ग्रुपनं ठरवलं. प्रकाश, तुमचा लाडका चेला, आनंद करणार. तो मला पुस्तक धरा म्हणून सांगायला आला. मी म्हटलं, धरते, सुमनचं जाणं काढ. तो कानाला हात लावून म्हणाला, "वहिनी, सर गेल्यावर त्यांच्या संहितेला हात लावायचा? श्रद्धांजली आहे ही." मी बरं म्हटलं.

सुमन करायला बँकेतली मानसी. चार दिवसांची तालीम, पोरीला नीट पाठसुद्धा नव्हतं. रोज त्या बॅगेपाशी अडायची. मी वहीत तिथं मोठा गोल केला होता. कालही ती बॅग घेऊन दारापर्यंत आली, वळली, तोंड उघडलं आणि अडली. टपोऱ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघायला लागली. समोर तुमचा फोटो, हार, उदबत्ती, अख्खं पनवेल.

माझ्या पुढ्यात वाक्य होतं. "मला जगायचंय"पासून "जाते मी"पर्यंत. मी वही मिटली आणि तिला श्वासानं दोन शब्द दिले. "ठेव. बस."

तिनं बॅग खाली ठेवली. इकडेतिकडे पाहिलं आणि खाटेजवळच्या फरशीवर जाऊन बसली. स्टुलावर नाही, भाऊजी. फरशीवर. ते मी सांगितलं नव्हतं.

प्रकाश ठरल्याप्रमाणे जोरात आत आला, "वहिनी गेल्या ना रे शेवटी?" आणि बघतो तर वहिनी समोर बसलेल्या! कुणीतरी फिस्सकन हसलं. प्रकाश अडला, विंगेकडे बघायला लागला. मी काही दिलं नाही. "वहिनी... आहात होय तुम्ही," असं तो पुटपुटला. मानसी म्हणाली, "हो, आहे." पुढं त्यानं कसंबसं रेटलं. आजाऱ्यानं हात पुढे केला. प्रकाश स्टुलाशी आला, "येतो मी" म्हणाला आणि गेला. तो पुढे आलेला हात खाली पडणार, एवढ्यात मानसीनं बसल्या जागेवरून धरला. पडदा पडला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शोकसभेत वाजवत नाहीत. पण कुणी हललंही नाही.

प्रकाश आत येऊन माझ्यावर ओरडला. "काय केलंत हे वहिनी!" मी म्हटलं, वाक्य दिलं, प्रॉम्प्टरचं काम तेच. मानसी रडवेली झाली होती, "ताई, मी चुकले का हो?" तिला पोटाशी धरलं आणि म्हटलं, नाही गं बाई, तू एकटीच बरोबर केलंस.

तेवढ्यात शैलावहिनी आल्या. मला वाटलं, आता काही खरं नाही, नवऱ्याच्या शोकसभेचा विचका केला मी. त्यांनी माझ्या हातातली वही घेतली, मिटलेलीच हातात धरली. "मला ठाऊक होतं, इंदू," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी दवाखान्यातून आले आणि मोरीत बसून हात धूत राहिले. नवी वडी संपवली साबणाची. मी विचारलं, मोहनला हात लावलात का? तर म्हणाले, नाही लावला, म्हणूनच धुतोय."

एवढ्यानं माझा राग गेला असं समजू नका. तुम्ही मोहनला न लावलेले हात घरी धुतलेत, आणि ते हात धुतल्याचं पाणी माझ्या अंगावर टाकलंत. पण ऐकणारं एक माणूस निघालं. तुमच्याच घरातलं निघालं. आज सकाळी बाजारात गेले आणि मेथीची जुडी घेतली, भाजीवालीकडे सरळ बघून घेतली.

आता तुमच्याकडे माझं काही राहिलेलं नाही. दुखवट्याच्या घरातून निघताना येते म्हणत नाहीत, म्हणून पहिल्या दिवशी मी तुमच्या घरून न बोलता निघाले. कालही फोटोला फूल वाहिलं आणि न बोलता निघाले. मानसीच्या तोंडून काढून घेतलेलं सुमनचं ते शेवटचं वाक्य तेवढं माझ्यापाशी उरलंय. तीन वर्षं ते गावभर माझ्या नावावर फिरलं, आणि मी ते आयुष्यात एकदाही कुणाला म्हटलं नव्हतं. मोहनला तर नाहीच. लिहिलंत मात्र तुम्ही माझ्यासाठीच. आज पहिल्यांदा म्हणते, आणि ज्यानं लिहिलं त्यालाच म्हणते.

जाते मी, भाऊजी.